एकशे शहात्तर बदकं आणि मुका घाट

जंगल राखणाऱ्या बनबीबीची शप्पथ, नदीची शप्पथ, माझ्या उरलेल्या चार दातांची शप्पथ! आता जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तरी उद्या सकाळी मी खेकडा होऊन उठेन, आणि तुम्ही मला खुशाल मोहरीच्या वाटणात शिजवून खा. हसू नका. मागे एकदा मी खोटं बोलले होते तेव्हा आठवडाभर माझा डावा पाय तिरका चालत होता. तारापदला विचारा. माझ्या नवऱ्याला आता ऐकू येत नाही, पण विचारा तरी.

तर वादळ आलं ते ज्येष्ठात. भर दुपारी बांध फुटला आणि नदी गावात शिरली. शिरली तीही कशी, पाहुणीसारखी, दारातून, वाकून. आधी ओसरी बघितली, मग चूल, मग अंथरूण. माझा भात नुकताच चढवलेला होता. पाण्यानं चुलीसकट भांडं उचललं आणि नेलं. मी छपरावर बसून बघत होते. हळूहळू गेलं ते, धूर सोडत, आगबोटीसारखं. आणि पार वळणापलीकडे गेल्यावर भात शिजल्याचा वास आला. कोंबड्या बुडाल्या, बकऱ्या बुडाल्या. गावातली जुनी बदकं तेवढी बुडाली नाहीत. ती पाण्याबरोबर निघाली, समुद्राकडे तोंड करून, एकदाही मागे न बघता. अजून तिकडेच आहेत. खोल समुद्रात जाणारे कोळी सांगतात, सांजवेळी कुठे काही दिसत नाही, पण बदकांचं बोलणं ऐकू येतं.

पाणी ओसरलं, मीठ राहिलं. शेतं अशी पांढरी पडली की ऐन दुपारी चांदणं सांडल्यासारखं वाटायचं. पाय टाकला की कुरकुर वाजायचं. दोन वर्षं भाताचं एक रोप उभं राहिलं नाही. उशी खारट, पदर खारट. स्वप्नंसुद्धा खारट पडायची. एकदा मी स्वप्नात खजुराच्या गुळाची खीर खाल्ली, तर इतकी खारट लागली की उठून घागरभर पाणी प्यायले.

माणसं जायला लागली. घरावरचे पत्रे उतरवायचे, गाठोडं बांधायचं, लाँचवर चढायचं आणि वर, विटांच्या भट्ट्यांकडे. गेलेलं घर परत आलेलं मी पाहिलं नाही. रिकाम्या अंगणात एका पावसाळ्यात भरती शिरायची, दुसऱ्या पावसाळ्यात अंगणच नसायचं. आमच्या हेताळखालीत अशी बावीस घरं उरली.

त्यातलं शेवटचं, अगदी बांधाच्या कुशीतलं, निरापदचं. माझा धाकटा दीर. त्याची बायको कुमुदिनी, माझी जाऊ. वादळाच्या दिवशी निरापद नावेत होता, खाडीत. कुमुदिनी बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर उभी राहून त्याला हाका मारत होती. दुपारी मारल्या, संध्याकाळी मारल्या, दुसरा सबंध दिवस मारल्या. तिसऱ्या दिवशी निरापद आला, चिखलाचा पुतळा होऊन, पण जिवंत. तिनं त्याला बघितलं, तोंड उघडलं, आणि आतून काहीच आलं नाही. होत्या नव्हत्या तेवढ्या हाका संपल्या होत्या. डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, सगळं जागच्या जागी आहे. असेल. पण त्या दिवसापासून कुमुदिनी बोलली नाही. तिच्या घराला लोक मुकं घर म्हणायला लागले, तिच्या घाटाला मुका घाट.

तिनं घाटाच्या वरच्या पायरीजवळ नारळाचं रोप लावलं होतं. खाऱ्या मातीत! कोसभर चालून नळावरून गोडं पाणी आणायची, पायरीवरच्या पसरट मातीच्या परळात ओतायची, आणि ओंजळी-ओंजळीनं त्या रोपाला पाजायची. स्वतः दोन घोट कमी पिऊन. आता तुम्हीच सांगा, जिला गाव सोडायचंय ती बाई असं करेल?

निरापदला हे दिसत नव्हतं. एक दिवस मला, आपल्या वहिनीला, येऊन म्हणतो, "बौदी, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी लाँच येतेय. आम्ही जातो."

"आणि कुमुदिनी?"

"तीही येणार."

"तिला विचारलंस?"

"विचारलं की. नाही म्हणाली नाही."

असला हा माणूस! मुकीला विचारतो, आणि ती नाही म्हणाली नाही म्हणून पत्रे मोजायला लागतो.

भाद्रपद संपता संपता समितीची नाव आली. समिती म्हणजे शहरातली मंडळी, वादळ झालेल्या गावांना पुन्हा पायावर उभं करू म्हणणारी. त्यांनी पाठवलेली मुलगी तुहिना, आम्ही तिला दीदीमणी म्हणायचो. नावेतून उतरली ती सरळ कमरेपर्यंत चिखलात. आम्ही चौघींनी ओढून काढलं, तेव्हा तिची एक चप्पल नदीनं ठेवून घेतली. पण मुलगी हसली. तिथेच मला आवडली. तिच्या मागे वेताच्या टोपल्या, आणि टोपल्यांत बदकं. एका घराला आठ. बावीस घरांची एकशे शहात्तर.

सगळी एकजात तपकिरी, सगळी तरणी, अजून एकीनंही अंडं घातलेलं नाही.

"कोंबड्या नको, मासी," दीदीमणी मला सांगत होती. "पुन्हा पाणी आलं तर कोंबडी बुडेल. बदक तरंगेल. उद्या अंडी झाली की बाजारात नेता येतील."

"यांची आई कुठाय?" फुलजान बीबीनं विचारलं. फुलजान माझ्या शेजारची. तिच्या आवाजाला पलीकडच्या बेटावरचे कुत्रे उत्तर देतात.

"आई नाही. विजेच्या दिव्याखाली उबवलीत."

"म्हणजे यांना हाक माहीत नाही?"

"कसली हाक?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. शहरात बदकं घरी कशी येतात कोण जाणे. आमच्याकडे सांज झाली की घरची बाई घाटावर उभी राहते आणि "चोई, चोई" करते. शब्द सगळ्यांचा तोच, पण चाल प्रत्येक घराची वेगळी. कुणाची लांबट, कुणाची तुटक, कुणाची शेवटी वर जाणारी. सासू थोरल्या सुनेला देते, धाकट्या सुना आपापल्या माहेरून आणतात. एका घराची बदकं दुसऱ्या घराच्या चालीला मान वळवत नाहीत.

दीदीमणी म्हणाली, "सात दिवस घरात कोंडा, खायला घाला, मग सोडा. म्हणजे घर ओळखतील."

"काय घालू खायला?" फुलजान म्हणाली. "मीठ?"

खरं होतं. माणसाला दाणा नाही, बदकाला कुठून? आणि मनातलं सांगू का, दोन वर्षं आमच्यापैकी कुणी हाक मारली नव्हती. घशात नुसती खाज सुटली होती. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळी बदकं सोडून दिली.

गावाच्या मधोमध, शेतांवर पावसाचं पाणी साचलेलं होतं. सगळ्यांचे घाट त्याच पाण्याला. दिवसभर बदकं तिथे चरली, डोकी खाली, शेपट्या वर. सांज झाली. पाणी तांब्याचं झालं, मग जांभळं, आणि त्यावरून बारीक धुकं उठायला लागलं. आणि मग एकवीस बायका आपापल्या घाटावर उभ्या राहिल्या आणि एकदमच ओरडल्या.

काय तो गलका! एकवीस चाली एकमेकींच्या केसांत गुंतल्या. धुकं फाटलं. पाण्यातला एक म्हातारा मगर, जो गेली सात वर्षं झोपला होता, उठला, फुलजानच्या दिशेनं एकदा बघितलं आणि बांध चढून नदीत निघून गेला. मी त्याची ओली पावलं दुसऱ्या दिवशी मोजली. मधोमध एकशे शहात्तर बदकं गोल गोल फिरत होती. या घाटाकडे मान, त्या घाटाकडे मान. आम्ही जेवढं ओरडू तेवढी ती घाबरायला लागली.

आणि मग ती सगळीच्या सगळी एका दिशेनं निघाली. जिथून काहीच आवाज येत नव्हता, तिथे.

मुक्या घाटावर कुमुदिनी एकटीच उभी होती, हात खाली सोडून. एक एक करत बदकं पायऱ्या चढली, परळातलं गोडं पाणी प्यायली आणि तिच्या अंगणात जाऊन बसली. दीदीमणीनं नंतर सांगितलं, ती पाण्यासाठी गेली. असेल पाण्यासाठी. मी म्हणते, ती शांततेसाठी गेली. दोन्हीला पुरावा नाही.

त्या रात्री निरापदला झोपायला जागा उरली नाही. अंथरुणावर बदकं, खाटेखाली बदकं, उतरवून ठेवलेल्या दोन पत्र्यांवर बदकं. सगळ्यांनी चोची पंखांत घातल्या आणि एकदम श्वास घ्यायला लागली. आत घेतला की घर वर जायचं, सोडला की खाली यायचं. पहाटेपर्यंत असं तरंगत तरंगत ते घर बांधापासून तीन हात गावाच्या बाजूला सरकलं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. जुन्या खांबांची भोकं अजून दाखवीन, चला.

सकाळी भांडणं. "हे माझं!" "तुझं कशावरून?" "याच्या चोचीवर ठिपका होता!" "सगळ्यांच्याच चोचीवर आहे, आंधळे!" मग प्रत्येकीनं आपापल्या आठांच्या पायाला रंगीत दोरा बांधला. बावीस रंग कुठून आणणार? माझा निळा, फुलजानचा आकाशी. दुसऱ्या दिवशी चिखलानं सगळेच काळे.

आणि संध्याकाळी पुन्हा तेच. गलका, गोल गोल, आणि सगळी मुक्या घाटावर. तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या सकाळी निरापदच्या गाठोड्यात, त्याच्या एकुलत्या एक चांगल्या सदऱ्यावर, एक अंडं सापडलं. पहिलं अंडं. फिकट, निळसर, हातात घेतलं तर अजून ऊबदार. तो ते घेऊन अंगणात आला, आणि बावीस घरांतली माणसं भोवती जमली. दोन वर्षांत आमच्या गावात जन्मलेली ती पहिली खाण्याची वस्तू.

"कुणाच्या बदकाचं?" फुलजाननं विचारलं.

कुणाला ठाऊक! मग मी ते उकडलं, आणि आपण उकडलेलं अंडं दोऱ्यानं कापतो ना, तसं कापलं. पण बावीस तुकडे! एकेक काप इतका पातळ झाला की तो डोळ्यासमोर धरला तर पलीकडची नदी पिवळी दिसायची. प्रत्येक घरानं आपला काप केळीच्या पानावर नेला. आमच्याकडे तारापदनं त्याच्याबरोबर सबंध टोपभर कालवलेली कंदमुळं खाल्ली आणि ढेकर दिला.

"ही चेटूक करते," फुलजान त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत मुक्या घाटावर म्हणाली. "नाहीतर सगळी बदकं हिच्याकडेच का?"

"तुला स्वतःचा आवाज ऐकू येतो का गं?" मी म्हटलं. "मी बदक असते तर समुद्रात जाऊन बसले असते!"

"निस्तारदी, तुझी जाऊ म्हणून बाजू घेऊ नकोस!"

"घेणार! काय करशील?"

निरापद छपरावरूनच ओरडला, "अरे, न्या तुमची बदकं! मला पत्रे उतरवायचेत. खालची हलतच नाहीत!"

सगळ्या बायका पुन्हा एकदम हाका मारायला लागल्या, तिथेच, कुमुदिनीच्या घाटावर. तेव्हा कुमुदिनी पुढे आली. पहिल्या बाईजवळ गेली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. हळूच, लेकराच्या तोंडावर ठेवावा तसा. ती गप्प. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. माझ्याही. तिच्या तळव्याला चिखलाचा आणि कोवळ्या नारळाचा वास होता. अशी ती सगळी रांग फिरली आणि शेवटी फुलजानसमोर येऊन थांबली. फुलजाननं डोळे मिटून घेतले. पण कुमुदिनीनं तिच्या तोंडावर हात ठेवला नाही. तिला खांद्याला धरून वळवलं, तिच्या घराकडे बोट केलं, आणि मग स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून ती वर, पाण्यावर उडवली. हाक मार. तू एकटी.

फुलजान आपल्या घाटावर गेली. बाकी सगळं गाव गप्प. तिनं ओंजळभर बारीक गोगलगायी पाण्यात टाकल्या आणि हाक मारली. दोन वर्षांनी मी तिची चाल नीट ऐकली. खरं सांगते, सुंदर होती. आधी दोन पावलं खाली उतरणारी, मग एकदम तरंगणारी. पाणी ओलांडून ती आली आणि आम्ही सगळ्या अंगावर काटा आल्यासारख्या उभ्या राहिलो. चार बदकांनी मान वर केली. मग सहा. मग आठ. निघाली.

"आज फुलजानची आठ," दीदीमणी कुजबुजली. "कोंडून ठेवा, चारा, आणि हीच हाक ऐकवा. उद्या दुसरं घर. मासी, एका संध्याकाळी एकच घर!"

"म्हणजे बावीस संध्याकाळी!" निरापद वरून म्हणाला.

"तुझी लाँच कुठे आज येतेय?" मी म्हटलं. "बरोब्बर कोजागरीला संपतंय. तोवर तरी बायकोच्या अंगणातल्या बदकांवर पाय देऊ नकोस."

त्या बावीस संध्याकाळी मी कधी विसरणार नाही. सूर्य बुडाला की गाव आपणहून गप्प व्हायचं. कुत्रे गप्प, पोरं गप्प. बांधाच्या दारातून झिरपणारं पाणीसुद्धा थांबून ऐकायचं. आणि त्या धुक्यात एकच हाक उठायची. आज पश्चिमेकडून, उद्या पूर्वेकडून. काही चाली इतक्या जुन्या होत्या की त्या ऐकून म्हातारी माणसं रडायची, ही अमक्याच्या आजीची, ही तमक्याच्या पणजीची. गेलेली माणसं त्या चालीच्या मागोमाग बदकांच्या रांगेत चालत यायची, घाटापर्यंत पोचवायची आणि परत जायची. माझी पाळी आली त्या संध्याकाळी माझी सासू आली होती. बदकं बघितली, माझं लुगडं बघितलं, नाक मुरडलं आणि गेली.

घराघरातून अंडी निघायला लागली. मुक्या घाटावरची बदकं मात्र रोज आठानं कमी होत होती. एकविसाव्या संध्याकाळी माझा नंबर लागला. मी सासूनं दिलेली चाल लावली, माझी आठ आली. कुमुदिनीच्या अंगणात तिची स्वतःची आठ उरली. निरापदची मात्र आवराआवर जोरात चालली होती.

"राहा की रे," मी म्हटलं. "तुझीही अंडी होतील."

"आठ बदकांवर दोन पोटं चालतात का, बौदी? पुढचा भात येईस्तोवर अजून सबंध वर्ष. तुम्हाला दादा खेकडे आणतो. मी नाव गमावली. आठ बदकं! सोळा असती तर गोष्ट वेगळी. तुम्हीच घ्या आमची."

"मी कशाला घेऊ? माझं काय अडलंय तुमच्या आठांवाचून?"

तो दोरीला गाठ मारत राहिला.

कोजागरीच्या दिवशी लक्ष्मीची पावलं काढायला तांदळाचं पीठ नव्हतं. बायकांनी शेतातलं पांढरं मीठ खरवडून आणलं आणि त्यानं पावलं काढली, घाटापासून उंबऱ्यापर्यंत. सांजेला चंद्र वर आला तेव्हा ती पावलं अशी चमकायला लागली की पाण्यातूनच कुणीतरी नुकतंच चढून आत गेलंय. कुमुदिनीनंही काढली होती. उद्या सोडायच्या घरात.

त्या संध्याकाळी ठरलं होतं की सगळी बदकं एकत्र सोडायची आणि घराघरानं पाळीपाळीनं बोलवायची. परीक्षाच म्हणा. दीदीमणी मधल्या बांधावर उभी. फुलजाननं सुरुवात केली. आठ निघाली, सरळ तिच्याकडे. मग पुढचं घर, मग पुढचं. पाण्यावर रेघा उमटत गेल्या, चंदेरी, या घाटाकडे एक, त्या घाटाकडे एक, जसं कुणी मोठ्या थाळीत बोटं ओढतंय. मी हाक मारली. माझी आली.

मधोमध आठ उरली.

ती मुक्या घाटाकडे तोंड करून थांबली. आता ती शहाणी झाली होती. महिनाभर त्यांनी बघितलं होतं, आधी हाक येते, मग जायचं. हाक नाही. आणि पायरीवर गोड्या पाण्याचं परळही नव्हतं. निरापदनं दुपारीच ते गाठोड्यात बांधलं होतं. बदकं थांबली. आणि तेवढ्यात ओहोटी लागली. बांधाच्या दारातून पाणी नदीकडे ओढलं जायला लागलं, आणि पाण्याबरोबर ती आठही, हळूहळू, उलटी, तोंड आमच्याकडेच ठेवून.

कुमुदिनीनं तोंड उघडलं. मी माझ्या घाटावरून बघत होते. तिचा गळा ताणला, छाती भरली, आणि काही आलं नाही. तिनं पुन्हा तोंड उघडलं. मग तिनं हात वर केले, दोन्ही, आणि तसेच धरून राहिली.

शेजारच्या घाटावरून धावत येऊन फुलजाननं माझा दंड धरला. "मी मारू हाक? मी मारते तिच्यासाठी!"

"गप्प!" मी तिचं तोंडच दाबलं. "तू हाक मारलीस तर तुझ्या घरी येतील."

निरापद शिडीवर होता, हातात पत्रा. त्यानं खाली बघितलं. बायकोचे वर केलेले हात बघितले. ती उभी होती तीही बांधाच्या कडेलाच, जिथे वादळाच्या दिवशी उभी होती, जवळजवळ त्याच जागी. पत्रा त्याच्या हातून सुटला. काय आवाज झाला! पण बदकं हलली नाहीत. तो शिडीवरून उतरला की पडला कोण जाणे, धावला, कमरेपर्यंत पाण्यात शिरला, आणि त्यानं हाक मारली.

आमच्याकडे बदकांना पुरुष हाक मारत नाहीत. मारली तर सात गावं हसतात. निरापदला तर कुमुदिनीच्या माहेरची चाल येतही नव्हती. त्याला एकच येत होती, लहानपणी आईच्या पदराला धरून ऐकलेली. तीच त्यानं लावली. आवाज कसा, फुटक्या भोंग्यासारखा! पहिल्यांदा मध्येच बसला. दुसऱ्यांदा वर गेला तो खाली यायलाच तयार नाही. तिसऱ्यांदा ती चाल झाली.

आठही बदकं वळली.

एकवीस घाटांवरून हसू फुटलं. "अगं बाई, निरापद बौमा! नवी सूनबाई!" "उद्या लुगडं पाठवते रे!" फुलजान तर पायरीवर बसूनच हसत होती. तो काही ऐकत नव्हता. हाक मारतच होता, ओरडतच होता, बदकं त्याच्या छातीला येऊन टेकली तरी.

आणि मग, ऐका, माझ्या घाटावर पोचलेली माझी आठ, त्यांनीही मान वळवली. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. सासूची चाल, ती माझी चाल! त्यांना काय कळतंय थोरला कोण आणि धाकटा कोण. भरभर पाण्यात उतरली आणि निघाली त्याच्याकडे. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत अर्धं पाणी पार.

निरापद सोळा बदकांच्या मध्ये उभा, ओला, धापा टाकत. कुमुदिनी पायऱ्या उतरली. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. वर गेली, गाठोडं सोडलं, परळ काढलं, घागरीतलं होतं नव्हतं तेवढं गोडं पाणी त्यात ओतलं आणि पायरीवर ठेवलं. बदकं प्यायली. मग तिनं निरापदच्या डोक्यावर पदर टाकला आणि त्याचे केस पुसायला लागली, जोरजोरात, रागावल्यासारखी.

सकाळी लाँच आली. भोंगा वाजला, भट्टीचा माणूस ओरडला, "निरापद मंडल! चल, वेळ नाही!"

निरापद छपरावर बसून पत्रा ठोकत होता. "जमणार नाही," तो वरूनच म्हणाला.

"का रे? काय झालं?"

"बदकं आहेत."

"मग?"

"संध्याकाळी हाक कोण मारणार?"

भट्टीच्या माणसानं दोर सोडला. लाँच गेली.

माझी आठ? अहो, मी ती परत नेणारच होते. दुसऱ्याच दिवशी! पण झालं काय, कोजागरीच्या गार वाऱ्यात उभं राहून माझा घसा बसला. असा बसला की महिनाभर आवाज म्हणून फुटला नाही. बोलायचं तर खुणांनी. तारापदला सुख झालं. आता घसाच नाही तर हाक कशी मारणार? संध्याकाळी निरापद ओरडायचा, सोळाही त्याच्याकडे जायची. निरापद स्वतः माझी आठ टोपलीत घालून आणून द्यायचा, "बौदी, तुमची," म्हणून. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा त्याच्याकडे. चार-पाचदा आणली, मग त्यानंही नाद सोडला. महिन्यानं माझा घसा उघडला तोवर बदकांचं घर ठरून गेलं होतं. प्राण्याला काय जबरदस्ती करायची?

पुढच्या पावसानं मीठ धुतलं. तिसऱ्या वर्षी भात उभा राहिला, खुरटा, पण भात. मुक्या घाटावरून आता आठवड्याला दोन टोपल्या अंडी बाजाराच्या नावेत चढतात, आणि निरापदची हाक ऐकून पलीकडच्या बेटावरच्या बायका घड्याळं लावतात. ही खेकड्याची शप्पथ घेऊन मी इतकी वर्षं हीच गोष्ट सांगतेय, मी अजून बाईच आहे, बघा, दोनच हात. सगळं खरं. मगर खरा, सरकलेलं घर खरं, सासू खरी.

घसा तेवढा बसला नव्हता.